बंद पडलेली क्रोमाइटची खाण कशी वाचायची: आधी कागद, मग दगड, मग पाणी

बंद पडलेल्या खाणीवर गेलं की नजर आधी खड्ड्यावरच जाते. हिरवट पाणी साचलेलं, कडेने झुडपं माजलेली, वरून वाकून बघितलं तर पोटात गोळा येतो, मग दोनचार फोटो काढायचे आणि "केवढं खणून ठेवलंय बघा" म्हणत परत यायचं. क्रोमाइट म्हणजे क्रोमियम धातूचं काळं खनिज, आणि त्याच्या खाणीच्या बाबतीत मी तरी सांगेन की खड्डा शेवटी बघा. कारण क्रोमाइट हा दगड म्हणून तसा थंड आहे, पाण्यात विरघळत नाही, ऊनपावसाला दाद देत नाही, अख्खा डोंगर झिजून गेला तरी त्याचे काळे कण खालच्या ओढ्याच्या वाळूत जसेच्या तसे सापडतात. त्रास सुरू होतो तो हा दगड जिथे दळला, जिथे धुतला, धुतलेला गाळ जिथे सोडला आणि तो गाळ आज ज्याला लागून पडलाय तिथे. ही जागा नुसतं फिरून सापडत नाही, कारण वीसतीस पावसाळ्यांत तिच्यावर गवत उगवलेलं असतं. ती सापडते जुन्या कागदांत आणि जुन्या माणसांच्या आठवणीत. म्हणून खाणीचा इतिहास शोधणं आणि तिचं प्रदूषण शोधणं ही दोन वेगळी कामं नाहीतच, पहिलं नीट केलं तर दुसरं अर्धं झालेलं असतं.

खाण कोणत्या काळातली ते आधी ठरवा

हे वाटतं तितकं कोरडं काम नाही आणि यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, म्हणून इथे जरा वेळ घालवा.

क्रोमियम शोधलं १७९७ साली फ्रान्समधल्या लुई निकोला वोकलँ यांनी, तेही क्रोमाइटमधून नाही तर सायबेरियातून आलेल्या शिशाच्या तांबड्या खनिजातून, आणि त्याची संयुगं इतक्या रंगांची निघाली की नावच ग्रीक भाषेतल्या 'रंग' या शब्दावरून पडलं. पुढची कित्येक वर्षं क्रोमाइट लागायचं ते रंगासाठीच, पिवळा रंग बनवायला, कापड रंगवायला. अमेरिकेत बाल्टिमोरच्या आसपास आयझॅक टायसन या व्यापाऱ्याच्या लक्षात आलं की जिथे सर्पेंटिनाइट नावाचा हिरवा खडक आहे आणि वर धड झाड उगवत नाही अशा ओसाड पट्ट्यांतच हे काळं खनिज मिळतं, मग तो असेच पट्टे हुडकत गेला आणि साधारण १८२८ ते १८५० या काळात जगाला लागणाऱ्या क्रोमाइटचा मोठा हिस्सा एकट्या त्या भागातून जायला लागला. १८४८ मध्ये तुर्कस्तानात बुर्साजवळ भरपूर साठे सापडले आणि अमेरिकेतल्या त्या खाणींचं दुकान हळूहळू उठलं. पुढे भट्ट्यांच्या विटांसाठी मागणी आली, १९१३ मध्ये शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियम घातलेलं न गंजणारं पोलाद बनवलं आणि नंतर सगळा खेळच पोलादाचा झाला.

आता याचा तुमच्या डोंगरावरच्या ढिगाऱ्याशी काय संबंध, तर थेट संबंध आहे. रंगाच्या काळातली खाण असेल तर माणसं हाताने निवडून फक्त भरघोस, जड ढेकळं नेत होती, कमी प्रतीचा माल तिथेच टाकत होती. म्हणजे तिथले ढीग मोठ्या दगडांचे असतात, त्यात क्रोमाइट बऱ्यापैकी शिल्लक असतं पण बारीक पूड कमी असते. बारीक काही असलंच तर ओढ्याकाठी, जिथे वाळू धुऊन काळे कण वेगळे करायचे. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंडमधल्या उन्स्ट बेटावर १८१७ मध्ये सॅम्युएल हिबर्ट यांना क्रोमाइट सापडलं, तिथे हॅगडेल गावाजवळ घोड्याने फिरवायची दगडी घाणी अजून बघायला मिळते, आपल्याकडच्या चुन्याच्या घाणीसारखीच, गोल चर आणि त्यात उभं फिरणारं जातं. असा गोल दिसला की समजायचं, दळण इथे झालंय, बारीक माल इथून उताराने खाली गेलाय.

युद्धाच्या काळातली खाण वेगळी असते. युद्धात बाहेरून माल यायचा बंद होतो, सरकार पडेल त्या भावाने घेतं, मग एरवी कोणी हात लावला नसता असा हलका मालही खणला जातो, आणि हलका माल विकायचा तर तो बारीक दळून, पाण्याच्या हलत्या टेबलांवर धुऊन घट्ट करावा लागतो. पहिल्या महायुद्धात कॅलिफोर्निया आणि ऑरेगनमध्ये अशा बऱ्याच छोट्या खाणी उघडल्या आणि युद्ध संपताच बसल्या, दुसऱ्या महायुद्धात मोंटानामधल्या स्टिलवॉटरच्या थरांतून माल काढला, पुढे १९५१ ते १९५८ अमेरिकी सरकार ऑरेगनमध्ये ग्रँट्स पास इथे देशातल्या खाणवाल्यांकडून क्रोमाइट चढ्या भावाने घेत होतं आणि खरेदी थांबल्यावर त्या खाणीही थांबल्या. अशा खाणी थोडीच वर्षं चालतात पण मागे ठेवतात ती बारीक पूड, आणि प्रदूषणाच्या हिशेबात पूडच महत्त्वाची.

कधी कधी भाव राजकारणाने हलतो. ऱ्होडेशियावर, म्हणजे आताच्या झिंबाब्वेवर, १९६६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी बंदी घातली त्यात क्रोमाइट होतं, १९७१ मध्ये अमेरिकेने कायदा करून आपल्यापुरती वाट काढली आणि १९७७ मध्ये ती परत बंद केली. दुसऱ्या देशातल्या एखाद्या खाणीची उघडण्याची किंवा बंद होण्याची तारीख अशा सालांच्या आसपास पडत असेल तर कारण तिथेही शोधून बघा, सगळ्या खाणी माल संपला म्हणून बंद होत नाहीत. भाव पडला म्हणून बंद झालेल्या खाणीत एका रात्रीत सगळं टाकून गेलेले असतात, रसायनांचे पिंपसुद्धा.

कागद आणि माणसं

भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जुने अहवाल, खाणपट्ट्याची नोंद, खाण निरीक्षकांचे वार्षिक अहवाल, बंदरावरच्या निर्यातीच्या नोंदी, ही ठरलेली ठिकाणं. ब्रिटनमध्ये खाणींच्या नकाशांसाठी १८४० मध्ये वेगळं दफ्तर सुरू झालं आणि १८७२ पासून सोडून दिलेल्या खाणीचा नकाशा जमा करणं सक्तीचं झालं, त्यामुळे तिथलं काम बरंच सोपं जातं. सगळीकडे असं नशीब नसतं. पण एक गोष्ट कुठल्याही देशासाठी चालते, ती म्हणजे उपग्रहाचे जुने फोटो. अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात काढलेले फोटो १९९५ मध्ये खुले केले, आणि १९७२ पासून लँडसॅट या अमेरिकेच्याच उपग्रहांचे फोटो आहेत जे आता फुकट मिळतात. लँडसॅटचे सुरुवातीचे फोटो फार ढोबळ, छोटी खाण त्यात कळत नाही, पण कोरोनाच्या चांगल्या फिल्मवर ढीग, रस्ता, गाळाचं तळं हे सगळं दिसतं. एकाच जागेचे दहादहा वर्षांच्या अंतराने फोटो शेजारीशेजारी ठेवा, नवीन पांढरा डाग कधी दिसायला लागला आणि तो पुढे कधी हिरवा झाला ते लिहून काढा. हिरवा झालेला तो डाग तुमच्या नकाशावर पहिली खूण, कारण प्रत्यक्ष जागेवर तो तुम्हाला साधी गवताची सपाटी वाटणार आहे.

जुन्या कामगारांशी बोलताना "प्रदूषण होत होतं का" असं विचारू नका, समोरचा माणूस एकतर बिचकतो किंवा तुम्हाला हवं ते उत्तर देतो. बारीक बारीक विचारा. खाणीतलं पाणी उपसून कुठे सोडायचे? दळायचं मशीन कुठल्या बाजूला होतं? पावसाळ्यात बांध फुटला का, फुटला तर पाणी कुणाच्या शेतातून गेलं? रिकामे ट्रक परत येताना काय भरून आणायचे? खाणीतली खडी गावात कुठे वापरली? म्हातारी माणसं वर्ष विसरतात पण जागा विसरत नाहीत, त्यांना सोबत घेऊन चालता आलं तर त्यासारखं काही नाही. त्यांचं नाव मात्र कागदावर घ्यायच्या आधी विचारा.

जागेवर: दगड

दोन गोष्टी आधी, त्यात तडजोड नको. बोगद्यात शिरायचं नाही, दहा फूट आतसुद्धा नाही, कुजणारं लाकूड आतला प्राणवायू खाऊन टाकतं आणि त्याचा वास येत नाही. आणि कोरड्या ढिगाऱ्यावर धूळ उडवत चालायचं नाही. सर्पेंटिनाइटच्या फटींत बऱ्याचदा ॲस्बेस्टॉस असतो, ज्याचे धागे श्वासातून फुफ्फुसात गेले की घातक ठरतात, रेशमासारखे चमकणारे पांढरट-हिरवे धागे दगडाच्या भेगेत आडवे बसलेले दिसले तर दगड फोडू नका, हातात चुरू नका. झारखंडमध्ये चाईबासाजवळच्या रोरो टेकडीवरची ॲस्बेस्टॉसची खाण १९८३ मध्ये बंद झाली, तिथल्या कचऱ्यात क्रोमाइटवाल्या खडकाचा चुराही मिसळलेला आहे आणि तो ढीग इतक्या वर्षांनंतरही उतारावरून खाली शेतांकडे सरकतोय. म्हणजे क्रोमाइटची खाण म्हणून बघायला जावं आणि खरा धोका शेजारच्या धाग्यांचा निघावा असं होऊ शकतं.

आता क्रोमाइट ओळखायचं कसं. काळा किंवा काळपट तपकिरी, थोडी धातूची चमक, आणि उचलल्याबरोबर कळतं असा जड, तेवढ्याच आकाराच्या साध्या दगडाच्या दीडपटीहून जास्त. मॅग्नेटाइट हे लोखंडाचं खनिजही असंच दिसतं म्हणून कसाला लावायचं. फरशीच्या मागची खडबडीत, चकाकी नसलेली बाजू घ्या आणि त्यावर दगड जोरात ओढा. मॅग्नेटाइटची रेघ काळी येते, क्रोमाइटची तपकिरी, चॉकलेटच्या वडीसारखी. लोहचुंबक मॅग्नेटाइटला झडप घालतो, क्रोमाइटला जेमतेम ओळख देतो. भिंगातून बघितलं तर काही ठिकाणी हिरव्या खडकात काळे गोल गोल दाणे दिसतात, बिबट्याच्या कातड्यावरच्या ठिपक्यांसारखे, आणि खाणवाले त्याला बिबट्याचंच नाव देतात. अशी ठिपक्यांची रचना बहुतेक वेळा लहान लहान विखुरलेल्या कप्प्यांच्या साठ्यात मिळते, समुद्राच्या तळाचा खडक जमिनीवर ढकलला गेलाय अशा भागात. तिथे खाण म्हणजे एक मोठा खड्डा नसतो, डोंगरभर पसरलेली पन्नास छोटी भोकं असतात, त्यामुळे एक सापडलं म्हणून थांबू नका. उलट स्टिलवॉटर किंवा झिंबाब्वेमधल्या ग्रेट डाइक नावाच्या लांबलचक खडकाच्या पट्ट्यात क्रोमाइट थरांत बसलेलं आहे, तिथे खाण लांबच लांब चरासारखी जाते.

जांभळी पापुद्र्यासारखी चमक दिसली तर ती क्रोमियम शिरलेल्या क्लोराइट नावाच्या खनिजाची, फार सुंदर असते. पांढऱ्या घट्ट शिरा मॅग्नेसाइट या मॅग्नेशियमच्या खनिजाच्या. गाळावर वाळलेला पांढरा पापुद्रा दिसला तर घाबरू नका, बऱ्याचदा तो मॅग्नेशियमचा कार्बोनेट असतो, गाळ हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो त्यातून बनलेला. काळजी करायची ती काळ्या मऊ लेपाची, बोटाला काजळासारखा लागणारा, जांभ्याच्या भेगांत आणि गोट्यांवर बसलेला. तो मँगनीजचा ऑक्साइड असू शकतो, आणि तो दिसलेली प्रत्येक जागा नकाशावर टाका. का ते आता सांगतो.

विष तयार कसं होतं

एकाच क्रोमियमची दोन रूपं इथे महत्त्वाची, त्रिसंयुजी (Cr³⁺) आणि षट्संयुजी (Cr⁶⁺). क्रोमाइटमधलं क्रोमियम त्रिसंयुजी असतं, पाण्यात फारसं उतरत नाही, मातीला चिकटून बसतं. तेच षट्संयुजी झालं की पाण्यात सहज विरघळतं, पाण्याबरोबर चालत जातं, पेशींत शिरतं. कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेने षट्संयुजी क्रोमियमला पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गटात, मुख्यतः श्वासातून फुफ्फुसात गेल्यामुळे. पिण्याच्या पाण्यातून काय होतं यावर अमेरिकेतल्या सरकारी विषशास्त्र कार्यक्रमाचा २००८ चा प्राण्यांवरचा अभ्यास आहे, त्यात लहान उंदरांच्या (माइस) आतड्यात आणि मोठ्या उंदरांच्या (रॅट) तोंडात गाठी आल्या, अर्थात मात्रा फार मोठ्या होत्या.

मग त्रिसंयुजीचं षट्संयुजी करतं कोण? कारखान्यात ते सोडा घालून भट्टीत भाजून मुद्दाम करतात. मातीत नुसत्या हवेने ते फार हळू होतं, पण मँगनीजचे ऑक्साइड असतील तर होतं, हे १९७९ मध्ये रिचमंड बार्टलेट आणि ब्रूस जेम्स यांनी शेतातल्या ताज्या ओल्या मातीवर दाखवलं. त्याआधी लोक माती वाळवून, दळून प्रयोग करत होते आणि अशा मातीत ती क्रिया नीट दिसतच नव्हती, एवढ्या साध्या कारणाने गोष्ट लपून राहिली होती. उलट दिशेचं काम करतात दोन गोष्टी, कुजलेला पालापाचोळा आणि विरघळलेलं फेरस लोह, हे दोघे षट्संयुजीला परत त्रिसंयुजी करून खाली बसवतात.

म्हणजे नकाशावर कुठे बोट ठेवायचं ते आता कळेल. बारीक दळलेलं क्रोमाइट, मँगनीजचा काळा लेप, ये-जा करणारं पाणी, आणि पालापाचोळा नसलेली उघडी जमीन. हे चारही जिथे एकत्र येतात ती जागा. उष्ण पावसाळी भागात जांभ्यातल्या खाणी जास्त त्रास देतात त्याचं एक कारण हेच. ओडिशातल्या जाजपूर जिल्ह्यातलं सुकिंदा खोरं, जिथून भारतातलं जवळजवळ सगळं क्रोमाइट येतं, २००७ मध्ये ब्लॅकस्मिथ इन्स्टिट्यूट या प्रदूषणावर काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या जगातल्या दहा सर्वांत प्रदूषित जागांच्या यादीत आलं ते याच षट्संयुजी क्रोमियममुळे. दमसाळा नाला तिथून पाणी घेऊन ब्राह्मणी नदीकडे जातो. तिथल्या खाणी चालू आहेत, पण बंद खाणीत हीच रसायनं राहतात, पाणी साफ करणारा माणूस तेवढा निघून गेलेला असतो.

दुसरी गोष्ट फार जण चुकतात. कोळशाच्या किंवा तांब्याच्या खाणीतून आम्लाचं पाणी झिरपतं, त्यावर चुना टाकतात आणि ते बरोबर आहे. इथे गंधकाची खनिजं फारशी नसतात आणि सर्पेंटिनाइट स्वतःच अल्कलीकडे झुकलेला, पाण्याचा पीएच आठच्या वर जातो. अल्कली पाण्यात षट्संयुजी क्रोमियम मातीला चिकटत नाही, सुटून वाहायला लागतं. म्हणून दुसऱ्या खाणीचा उपाय बघून इथे चुना ओतलात तर आजार वाढवाल.

पाणी तपासायचं कसं

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. षट्संयुजी क्रोमियमने पाणी पिवळं होतं हे खरं, पण तो पिवळेपणा नीट कळायला लिटरला अर्धा-एक मिलिग्रॅम तरी लागतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा एकूण क्रोमियमसाठी ०.०५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे पिवळं दिसेपर्यंत मर्यादेच्या दहावीस पट झालेलं असतं. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये नुसत्या षट्संयुजीसाठी ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लावली, ती त्याहून कडक.

नमुने किमान पाच जागांचे घ्या: खाणीच्या वरच्या अंगाला जिथे खाणीचं पाणी पोचूच शकत नाही असा झरा, खड्डा, दगडांच्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी, बारीक गाळाच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी, आणि खालची पहिली विहीर जिचं पाणी माणसं पितात. यातला पहिला नमुना लोक टाळतात आणि मग सगळी मेहनत वाया जाते, कारण सर्पेंटिनाइटच्या भागात खाण नसतानाही झऱ्यात षट्संयुजी क्रोमियम सापडतं, कधी कधी मर्यादेच्या जवळ किंवा वरसुद्धा. वरच्या झऱ्यात किती आहे ते माहीत नसेल तर खालचं किती खाणीमुळे आणि किती डोंगरामुळे हे कुणालाच सांगता येणार नाही, तुमच्या बाजूलाही नाही आणि समोरच्या बाजूलाही नाही.

जागेवर एक चाचणी करता येते. डायफिनाइलकार्बाझाइड या, षट्संयुजी क्रोमियमबरोबर रंग देणाऱ्या रसायनाचं किट मिळतं, त्यातली पूड आम्लासकट असते. आधी पाणी गाळून घ्या, गढूळ पाण्यात रंग फसवतो. मग छोट्या नळीत पाणी, त्यात पूड, हलवा आणि पाचेक मिनिटं थांबा. काही नसेल तर पाणी जसं होतं तसंच. असेल तर आधी फिकट गुलाबी, जास्वंदीच्या पाकळीचं पाणी केल्यासारखं, आणि जास्त असेल तर जांभळं होत जातं. नळी पांढऱ्या कागदासमोर धरा, शेजारी पूड न घातलेली नळी धरा, सावलीत बघा, भर उन्हात फिकट गुलाबी सुटून जातो. वरच्या झऱ्याच्या नळीत काही नाही आणि गाळाच्या पायथ्याच्या नळीत गुलाबी चढताना दिसला की मग कागदावरचं जुनं वाक्य, "मशीनच्या मागच्या बाजूला गाळ सोडायचे", एकदम डोळ्यांसमोर उभं राहतं.

प्रयोगशाळेसाठी बाटल्या वेगळ्या. एकूण क्रोमियमच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालतात. षट्संयुजीच्या बाटलीत आम्ल अजिबात घालायचं नाही, आम्लात ते वाटेतच त्रिसंयुजी होऊन जातं आणि रिपोर्ट येतो स्वच्छ. ती बाटली बारीक फिल्टरने गाळून, गार ठेवून, चोवीस तासांत पोचवायची, जास्त दिवस ठेवायची तर अमोनियमचं बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, घालून पीएच नऊच्या वर ठेवतात, ते प्रयोगशाळेकडूनच आधी मागून घ्या. रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून खूश व्हायच्या आधी बाटलीत काय घातलं होतं ते विचारा, इतकंच म्हणतो. आणि एक बाटली शुद्ध पाण्याची घरून भरून न्या, जागेवर उघडा, बंद करा आणि बाकीच्यांबरोबर पाठवा, म्हणजे हाताळताना काही मिसळलं का ते कळतं.

विहिरीच्या पाण्यात गुलाबी आला तर तिथल्या लोकांना त्याच दिवशी सांगा, पक्का रिपोर्ट येईपर्यंत पिऊ नका म्हणून. उकळून काही होत नाही, उलट पाणी आटतं आणि क्रोमियम घट्ट होतं. साध्या मेणबत्तीच्या फिल्टरने किंवा जंतू मारणाऱ्या दिव्यानेही जात नाही. आरओने बऱ्यापैकी कमी होतं.

माती आणि झाडं

मातीवर हातात धरायचं एक्स-रे मशीन लावलं तर क्रोमियम किलोला हजारो मिलिग्रॅम दाखवेल आणि बातमी होईल, पण ते मशीन एकूण क्रोमियम मोजतं, त्यातलं बहुतेक दगडाच्या कणात अडकलेलं असतं. खाण नसलेल्या सर्पेंटिनाइटच्या मातीतही तेवढं असू शकतं. त्या मातीत निकेल भरपूर, मॅग्नेशियम भरपूर, कॅल्शियम कमी, खताचे घटक कमी, म्हणून झाडं मुळातच खुरटी. "खाणीमुळे इथे काही उगवत नाही" हे वाक्य लिहायच्या आधी खाण व्हायच्या आधीचं वर्णन शोधा. टायसननेही ओसाड जागा बघूनच खाणी काढल्या होत्या.

आणि त्या ओसाड वाटणाऱ्या जागेत दुसरीकडे न मिळणारी झाडं असतात. उन्स्ट बेटावर कीन ऑफ हामार नावाच्या खडकाळ माळावर १८३७ मध्ये थॉमस एडमन्स्टन नावाच्या शाळकरी मुलाला एक छोटं पांढऱ्या फुलांचं रोपटं दिसलं, ते आजही फक्त त्याच बेटावर आढळतं. बाल्टिमोरजवळ सोल्जर्स डिलाइटमध्ये पहिल्या महायुद्धात परत उघडलेल्या जुन्या खाणीच्या तोंडाभोवती आज राखीव माळ आहे, आणि तिथे लोक पाइनची झाडं लावत नाहीत तर तोडतात, कारण पाइन वाढले की माळावरचं दुर्मिळ गवत आणि फुलं मरतात. म्हणून बंद खाणीवर बाहेरून काळी माती आणून निलगिरी लावायचा कार्यक्रम कुणी आखत असेल तर आधी एका वनस्पतीशास्त्राच्या माणसाला एक वर्षभर तिथे फिरू द्या.

मग करायचं काय

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी काम म्हणजे वरून येणारं पावसाचं पाणी गाळापर्यंत पोचूच न देणं, वरच्या अंगाला चर काढून ते बाजूने वळवायचं. मग गाळ झाकायचा, आणि झाकताना पालापाचोळा, शेणखत असं कुजणारं काहीतरी थरात घालायचं, ते दिसायला साधं पण षट्संयुजीला परतवायचं काम तेच करतं. झिरपणारं पाणी आधीच पिवळं असेल तर हिराकस घालतात, म्हणजे फेरस सल्फेट, क्रोमियम खाली बसतं आणि तो बसलेला तांबूस गाळ वेगळा उचलून सुरक्षित पुरावा लागतो. हे माणसाने रोज बघायचं काम आहे, एकदा करून निघून जायचं नाही, म्हणून पैसे कोण देणार आणि किती वर्षं देणार हे कागदावर आल्याशिवाय सुरू करण्यात अर्थ नाही.

आणि गाळ घराच्या पायात किंवा रस्त्यात भरायला कुणाला नेऊ देऊ नका. त्याचा सगळ्यात वाईट दाखला खाणीतला नाही, क्रोमाइट भाजणाऱ्या कारखान्यांच्या राखेचा आहे, आणि ती राख खाणीतल्या गाळापेक्षा कितीतरी घातक, कारण तिच्यात षट्संयुजी आधीच तयार असतं. न्यू जर्सीच्या हडसन काउंटीत ती भराव म्हणून शंभराहून जास्त जागी टाकली गेली आणि पुढे तळघरांच्या भिंतींवर पिवळे स्फटिक फुटून आले. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोलगतच्या रदरग्लेनमधला असाच एक कारखाना १९६० च्या दशकात बंद झाला आणि त्या भागातला पोलमॅडी नावाचा ओढा २०१९ आणि २०२१ मध्ये अचानक झगझगीत हिरवा वाहायला लागला, म्हणजे पन्नास वर्षांनी. तुमच्या खाणीजवळ कधी भट्टी होती असं एखाद्या कागदात दिसलं तर गाळ, खड्डा सगळं बाजूला ठेवून आधी त्या भट्टीची राख कुठे गेली ते शोधा.

शेवटचं काम वहीचं. प्रत्येक नमुन्याची तारीख, आदल्या आठवड्यात पाऊस झाला का, पीएच, जागेचे अक्षांश-रेखांश, आणि बाटलीसकट जागेचा फोटो ज्यात मागे एखादं न हलणारं काहीतरी दिसेल, मोठा दगड किंवा दळणाच्या जुन्या घाणीची भिंत. उन्हाळ्याच्या शेवटी एकदा आणि पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर दोनतीन दिवसांत परत एकदा, त्याच पाच जागी. वर्षभर कोरड्या गाळात जे काही तयार होत असतं ते त्या पहिल्या पाण्याबरोबर बाहेर येतं, तेव्हा पाऊस लागला की बाटल्या धुऊन तयार ठेवा.